कार्ट्रिज काढलं, त्याची कामं कुणी करायची?

फ्लेक्स आणि व्हिनाइल छापणाऱ्या दुकानात सगळा हिशेब चौरस फुटावर चालतो. गिऱ्हाईक फुटाचा दर विचारतं, मालक तो सांगतो, आणि पुढच्या गल्लीतला दुकानदार त्याहून रुपया कमी करून बसलेला असतो. या ओढाताणीत व्हिनाइलचा भाव आपल्या हातात नसतो, वीज आणि पगार तर नसतातच. हात घालता येतो तो शाईत. इको-सॉल्व्हंट यंत्रावर बऱ्यापैकी भरलेलं चित्र छापायला चौरस मीटरला साधारण १० मिलिलीटर शाई लागते, म्हणजे चौरस फुटाला जवळपास एक मिलिलीटर. चित्र किती गडद आणि पास किती, यावर आकडा वरखाली होतो, पण मनातल्या मनात हिशेब करायला तो सोयीचा आहे. दहा बाय आठची पाटी म्हणजे ८० मिलिलीटर. यंत्रात बसणारं कंपनीचं कार्ट्रिज २२० किंवा ४४० मिलिलीटरचं असतं. काम जोरात असेल तर ते आठवड्यात संपतं, आणि त्यातल्या शाईचा लिटरमागे पडणारा भाव सुट्या बाटलीतल्या शाईच्या कित्येक पट असतो.

त्यावरचा तोडगा म्हणजे बल्क सिस्टिम. कंपनीच्या कार्ट्रिजच्या जागी पुन्हा पुन्हा भरता येणारं कार्ट्रिज बसवायचं, त्याला लिटर-दीड लिटरची बाटली जोडायची आणि शाई संपत आली की वरून ओतायची. कल्पना सरळ आहे, पैसेही खरोखर वाचतात. तरी एका दुकानात अशी सिस्टिम चार वर्षं बिनतक्रार चालते, तर दुसऱ्यात दोन महिन्यांत शाई उडवणारं हेड निकामी होतं. दोष बहुतेकदा शाईवर ढकलला जातो. कारण मात्र अनेकदा वेगळं असतं. कार्ट्रिज शाईचा नुसता डबा नसतो. ते दाब सांभाळतं, हवा बाहेर ठेवतं, योग्य माल वापरतं, शाईचं वय मोजतं आणि चुकीच्या खाचेत बसायला नकार देतं. ते काढलं की ही कामं संपत नाहीत, ती दुकानदाराच्या अंगावर येतात.

हेडला झडप नसते

रोलँड, मिमाकी, मुतोह या जपानी कंपन्यांच्या इको-सॉल्व्हंट यंत्रांत वर्षानुवर्षं एप्सनची पिझो हेड बसवली गेली. आपल्याकडच्या कारागिरांच्या तोंडी ‘डीएक्स फोर’, ‘डीएक्स फाइव्ह’ ही नावं त्यातूनच आली. डीएक्स फाइव्ह हेडमध्ये प्रत्येकी १८० नोझलच्या आठ रांगा असतात, म्हणजे एकूण १४४० नोझल. त्यातून पडणारा सर्वांत लहान थेंब सुमारे साडेतीन पिकोलिटरचा. एका मिलिलीटर शाईत असे २८ कोटींहून जास्त थेंब मावतात.

प्रत्येक नोझलमागे पिझो स्फटिकाचा पातळ थर असतो. विजेचा ठोका मिळाला की तो वाकतो, आतली शाई दाबली जाते आणि थेंब उडतो. ठोका नसताना शाई आतच का राहते? नोझलच्या तोंडाशी झडप नाही, झाकण नाही. शाई आणि बाहेरची हवा तिथे थेट समोरासमोर असतात. शाईला धरून ठेवणाऱ्या गोष्टी दोनच: तिचा पृष्ठताण, आणि मागून असलेली किंचित ओढ. ही ओढ म्हणजे हेडमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा थोडा कमी असणं. त्यामुळे नोझलच्या तोंडाशी शाईचं पृष्ठ आत वळलेलं राहतं आणि प्रत्येक थेंब एकाच जागेवरून सुटतो.

ओढ कमी पडली तर शाई हेडच्या खालच्या पट्टीवर पसरते. पट्टी ओली झाली की थेंब वाकडे जातात, पुढे शाई व्हिनाइलवर टपकू लागते. ओढ फार वाढली तर नोझलमधून हवा आत शिरते. साधारण २५ मायक्रॉन व्यासाचं नोझल आणि सॉल्व्हंट शाईचा पृष्ठताण धरून गणित केलं, तर शाईच्या ४० ते ५० सेंटिमीटर उंच स्तंभाएवढ्या ओढीला हवा आत घुसते. पाण्याचा पृष्ठताण या शाईच्या अडीच पट असल्याने पाणी याहून बरंच जास्त सहन करतं. व्हिनाइलवर नीट पसरावी म्हणून शाईचा पृष्ठताण मुद्दाम कमी ठेवलेला असतो, आणि त्याची किंमत इथे मोजावी लागते. प्रत्यक्षात हेडला हवी असते ती काही सेंटिमीटरांची ओढ. एवढ्या अरुंद पट्ट्यात दाब ठेवायचा, तोही हेडची गाडी सेकंदागणिक डावी-उजवीकडे धावत असताना. त्या धावपळीत नळीतल्या शाईला बसणारे हिसके शोषून घ्यायला हेडच्या डोक्यावर पातळ पडद्याचा चिमुकला डॅम्पर असतो. पण उंचीचीच चूक असेल तर बिचारा डॅम्पर काय करणार?

कंपनीच्या कार्ट्रिजमध्ये शाई लवचीक, हवाबंद पिशवीत असते. शाई कमी होते तशी पिशवी आक्रसते, आत हवा यावी लागत नाही. कार्ट्रिजची खाच हेडच्या मानाने किती उंचीवर असावी हे यंत्र आखतानाच ठरलेलं असतं. दाबाचा प्रश्न असा कुणाच्या लक्षातही न येता सुटलेला असतो.

उलटी बाटली आणि दुपारचं ऊन

बल्क सिस्टिममध्ये बाटली बहुधा यंत्राच्या वर, उलटी उभी असते. बाटली हेडच्या फूटभर वर आहे म्हणजे फूटभर शाईचा भार हेडवर पडायला हवा आणि सगळं गळायला हवं. तसं होत नाही, कारण इथे ऑफिसातल्या पाण्याच्या उलट्या जारचं तत्त्व लागू होतं. बाटलीचं तोंड खालच्या कार्ट्रिजमधल्या शाईत बुडलेलं असतं. शाईची पातळी तोंडाच्या खाली गेली की एक बुडबुडा वर चढतो, तेवढीच शाई खाली येते आणि तोंड पुन्हा बुडतं. हेडला जाणवते ती खालच्या कार्ट्रिजमधली पातळी. वरच्या बाटलीत लिटर आहे की पाव लिटर, याच्याशी हेडला देणंघेणं नसतं. सतराव्या शतकातल्या एद्म मारिओत या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ही रचना ओळखली जाते.

या रचनेची अट एकच: बाटलीच्या वरच्या भागातून हवेचा कणही आत येता कामा नये. झाकणाचा वॉशर फुगला, बुडाशी बारीक तडा गेला, किंवा शाई नीट उतरावी म्हणून कुणी उत्साहाने सुईने भोक पाडलं, की मारिओतची बाटली साधी टाकी बनते आणि सकाळी दुकान उघडल्यावर यंत्राखाली थारोळं दिसतं.

दुसरा धोका उन्हाळ्याचा. समजा, बाटली बरीच रिकामी झाली आहे आणि आत ७०० मिलिलीटर हवा कोंडलेली आहे. एसी चालू असताना खोलीत २५ अंश होते. रविवारी दुकान बंद, एसी बंद, पत्रा तापला आणि खोली ४० अंशांवर गेली. कोंडलेली हवा सुमारे पाच टक्के प्रसरण पावणार, म्हणजे ३५ मिलिलीटर शाई खाली ढकलणार. सॉल्व्हंटची वाफ त्यात भरच घालते. खालच्या कार्ट्रिजमध्ये तेवढी रिकामी जागा नसेल तर शाई हवेच्या छिद्रातून बाहेर येते. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात १५ अंशांचा हा फरक मुळीच अवघड नाही. उपाय साधा आहे: सुट्टीवर जाताना बाटली अर्धी रिकामी सोडू नये, भरून ठेवावी. आत हवा जितकी कमी, तितकं तिचं फुगणं कमी.

दुसऱ्या काही सिस्टिममध्ये बाटली यंत्राच्या बाजूला, खालच्या पातळीवर ठेवतात आणि हेड स्वतःच्या ओढीने शाई वर खेचतं. तिथे गळतीचा धोका कमी, पण फार खाली ठेवली तर हवा शिरण्याचा जास्त. तिसऱ्या प्रकारात पेटीत ठेवलेली भरता येणारी पिशवी असते. ती महाग पडते, पण मूळ कार्ट्रिजच्या सर्वांत जवळ जाते.

फ्लेक्स मशीनला हे का जमतं?

‘आमच्या मोठ्या मशीनवर पाच लिटरचे कॅन लागतात, तिथे कुठे कार्ट्रिज असतं?’ असा प्रश्न कुणी विचारेल. बरोबर आहे. होर्डिंगचं फ्लेक्स छापणारी मोठी सॉल्व्हंट यंत्रं पहिल्या दिवसापासून सुट्या शाईवर चालतात. पण ती त्यासाठीच बांधलेली असतात. कॅनमधली शाई थेट हेडला जात नाही. हेडजवळ छोटी उपटाकी असते, तिच्यातला फ्लोट खाली आला की पंप सुरू होतो आणि पातळी पुन्हा जागेवर येते. नव्या यंत्रांत उपटाकीतला दाब निर्वात पंपाने नेमका राखला जातो. शिवाय अशा यंत्रांत पुष्कळदा दिसणारी कोनिका ५१२ सारखी हेड ४२ पिकोलिटरचा थेंब टाकतात, डीएक्स फाइव्हच्या सर्वांत लहान थेंबाच्या बारा पट. लांबून पाहायच्या होर्डिंगवर एखादा थेंब वाकडा पडला तरी खपून जातं. हातभर अंतरावरून वाचायच्या स्टिकरवर तीच चूक रेघ बनून दिसते.

नळी विरघळवणारी शाई

सॉल्व्हंट शाईचं वैशिष्ट्य असं की ती व्हिनाइलवर नुसती सुकत नाही, त्यात थोडी शिरते. व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. शाईतले द्रावक, म्हणजे इको-सॉल्व्हंटमध्ये मुख्यतः ग्लायकॉल ईथरच्या जातीचे आणि जहाल शाईत सायक्लोहेक्झॅनोनसारखे, पीव्हीसीचा पृष्ठभाग मऊ करतात. रंगद्रव्य आणि राळ त्यात रुतून बसतात. म्हणून अशी छपाई लॅमिनेशनशिवायही पावसात टिकते.

आता हीच शाई हार्डवेअरच्या दुकानातून आणलेल्या स्वस्त पारदर्शक नळीतून नेली तर? ती नळी पीव्हीसीचीच असते. जे काम शाईने व्हिनाइलवर करायचं, ते ती नळीवर करते. नळी मऊ ठेवणारं प्लॅस्टिसायझर विरघळून शाईत उतरतं, नळी कडक होते, सांध्यापाशी तडकते, आणि ते प्लॅस्टिसायझर शाईसोबत हेडपर्यंत पोचतं. सिलिकॉनची नळीही चालत नाही. ती फुगते आणि तिच्यातून हवा झिरपते. पॉलिइथिलीन किंवा टेफ्लॉनच्या जातीची नळी लागते. वॉशरचंही तसंच: साधं नायट्राइल रबर कीटोन जातीच्या द्रावकात फुगतं.

नळीची जाडीही बोलते. नळीतून द्रव वाहण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो. तीन मिलिमीटर आतल्या व्यासाच्या जागी दोन मिलिमीटरची नळी लावली तर विरोध पाच पट होतो. साधी पाटी छापताना हे कळत नाही. गडद निळी पार्श्वभूमी आली की हेड जेवढी शाई मागतं तेवढी पोचत नाही आणि रंग मध्येच फिका पडू लागतो.

हवा, गाळ आणि तारीख

चांगल्या कार्ट्रिजमधली शाई भरण्याआधी तिच्यात विरघळलेली हवा काढून टाकलेली असते. पिझो हेडमध्ये दाब सेकंदाला हजारो वेळा वरखाली होतो. विरघळलेली हवा जास्त असेल तर त्या हेलकाव्यांत सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. पिझोचा धक्का मग शाईला बसण्याऐवजी बुडबुडा दाबण्यात जातो आणि नोझल गप्प होतं. वरून ओतलेल्या, खळबळून भरलेल्या शाईत हवा भरपूर असते. म्हणून नवी बाटली भरण्याआधी हलक्या हाताने उलटसुलट करावी, मग काही तास, जमल्यास रात्रभर, स्थिर ठेवावी आणि धार कडेने सोडत ओतावी. यंत्रावर बसलेली बाटली हलवायची नाही.

उलटसुलट करायचं कारण गाळ. या शाईत रंग विरघळलेला नसतो, त्याचे बारीक कण तरंगत असतात. कण जितका मोठा आणि जड, तितका लवकर बसतो. सर्वांत वाईट गत पांढऱ्या शाईची, कारण तिच्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड द्रावकाच्या चौपटीहून जड असतं. त्यामुळे पांढऱ्या रंगाला सतत फिरवत ठेवणारी वेगळी व्यवस्था लागते. साध्या बल्क बाटलीत पांढरी शाई भरू नये.

कार्ट्रिजवर मुदत छापलेली असते, चिप ती लक्षातही ठेवते. बाटलीच्या बाबतीत लक्षात ठेवायचं काम मालकाचं. जुन्यावर नवी ओतत गेल्याने तळाशी असलेल्या शाईचं वय किती, हे कुणालाच कळत नाही. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहावी आणि वर्षातून एकदा तरी ती पूर्ण रिकामी करावी. कार्ट्रिजला रंगागणिक वेगळी खाच असते, पिवळं कार्ट्रिज मॅजेंटाच्या जागी जातच नाही. बाटलीचं तोंड मात्र कोणताही रंग गिळतं. झाकणावर ठळक रंगाचा पट्टा आणि प्रत्येक रंगाला वेगळं नरसाळं, एवढ्याने हा अपघात टळतो.

शाईचा ब्रँड बदलताना सर्वांत मोठी चूक होते ती जुनीवर नवी ओतण्याची. दोन कंपन्यांची राळ एकमेकींना मानवेलच असं नाही. आधी काचेच्या छोट्या बाटलीत दोन्ही शाया थोड्या थोड्या मिसळून दिवसभर ठेवाव्यात. साय धरली, गुठळ्या झाल्या किंवा तळाशी चिकट थर आला, तर नळ्या फ्लशिंग द्रवाने पूर्ण धुतल्याशिवाय नवी शाई हेडपर्यंत जाऊ देऊ नये. रंगाचं प्रोफाइलही नव्या शाईवर नव्याने बनवावं लागतं. नाहीतर गिऱ्हाइकाचा तोच लोगो गेल्या महिन्यात केशरी आणि या महिन्यात विटकरी येतो.

बिघाड ओळखायचा कसा?

रेघ पडली की हेड क्लीनिंग, पुन्हा रेघ की पुन्हा क्लीनिंग, ही बहुतेक दुकानांतली सवय. प्रत्येक क्लीनिंगला शाई वाया जाते, आणि मूळ दोष पुरवठ्यात असेल तर फायदा शून्य. त्याऐवजी नोझल चेकचे तीन-चार कागद पाठोपाठ काढून शेजारी शेजारी ठेवावेत.

दर वेळी तीच नोझल गायब असतील, तर ती बहुधा चोक आहेत, शाई सुकून बसली आहे. दर वेळी वेगळी नोझल गायब होत असतील, तर पुरवठ्यात हवा आहे: सांधा सैल, डॅम्पर उतरलेला किंवा नळी चिरलेली. नोझल चेक स्वच्छ येतो पण मोठं काम छापताना रंग हळूहळू फिका होतो, आणि दहा मिनिटं थांबल्यावर पुन्हा ठीक होतो, तर शाई पोचत नाही. नळी अरुंद आहे, डॅम्परची जाळी बुजली आहे किंवा कार्ट्रिजचं हवेचं छिद्र बंद आहे. याची खात्री करायला प्रत्येक रंगाचा शंभर टक्के भरीव पट्टा फूट-दोन फूट लांब छापून सुरुवात आणि शेवट ताडून पाहावा. एक रंग शेजारच्या रंगात उतरत असेल, तर दाब उलट्या बाजूला गेला आहे. तेव्हा आधी बाटलीचं झाकण पाहावं.

यात वीज जाण्याची भर पडते. ही यंत्रं उभी असतानाही ठरावीक वेळाने स्वतःच थोडी सफाई करतात. दोन दिवस वीज नसली किंवा रात्री मेन स्विच बंद केला की ती होत नाही आणि हेडवरची शाई सुकते. अशा बिघाडाचं खापर बल्क सिस्टिमवर फोडणं बरोबर नाही.

नाव ‘इको’ असलं तरी शाई निरुपद्रवी नसते. ग्लायकॉल ईथरपैकी काही प्रजननक्षमतेला घातक मानले जातात, तर जहाल शाईतल्या सायक्लोहेक्झॅनोनची वाफ ४४ अंशांनाच पेट घेऊ शकते. कार्ट्रिज बदलताना हाताला थेंब लागत नाही, बाटली भरताना हमखास लागतो. हातमोजे आणि हवा बाहेर फेकणारा पंखा हा बल्क सिस्टिमच्या खर्चातच धरायला हवा.

चिप, वॉरंटी आणि हिशेब

कार्ट्रिजवरची चिप किती थेंब उडाले ते मोजते आणि ठरावीक आकड्यावर ‘शाई संपली’ म्हणते. बल्क सिस्टिमसोबत येणारी चिप तो आकडा पुन्हा शून्यावर नेते. पण यंत्र पाहतं तो चिपवरचा आकडा. बाटलीत खरोखर शाई आहे का, ते त्याला कळत नाही. बाटली कोरडी पडली तरी चिप ‘भरलेली’ म्हणत राहते आणि हेड हवा ओढतं. पुन्हा भरलेल्या कार्ट्रिजवरून कोर्टकज्जेही झाले आहेत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ३० मे २०१७ रोजी इम्प्रेशन प्रॉडक्ट्स विरुद्ध लेक्समार्क या टोनर कार्ट्रिजच्या खटल्यात असं ठरवलं की वस्तू विकल्यावर तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपतो. मात्र कार्ट्रिज पुन्हा भरायचा अधिकार असणं ही एक गोष्ट आणि बिघडलेलं हेड वॉरंटीत बदलून मिळणं ही दुसरी. नव्या यंत्रावर वॉरंटीचा करार वाचूनच हात घालावा. उत्पादकांनाही मोठ्या पुरवठ्याची गरज कळते. मिमाकीने स्वतःच दोन लिटरच्या पाकिटांची व्यवस्था काढली. म्हणजे मोठा साठा हा दोष नाही, तो कसा बंदिस्त ठेवलाय हे महत्त्वाचं.

शेवटी गणित ज्याने त्याने आपल्या आकड्यांनी करावं. नमुना असा: समजा, बल्क शाईमुळे मिलिलीटरमागे पाच रुपये वाचतात आणि हेडची किंमत एक लाख आहे. महिन्याला २००० चौरस फूट छापणाऱ्याचे १०,००० रुपये वाचतात. एक हेड गेलं तर दहा महिन्यांची बचत जाते. महिन्याला ३०० फूट छापणाऱ्याचे १५०० वाचतात. त्याचं एक हेड गेलं तर साडेपाच वर्षांची बचत संपते. शिवाय कमी काम असलेल्याच्या बाटलीत शाई जास्त दिवस पडून राहते, म्हणजे गाळ आणि हवा यांचा धोकाही त्यालाच जास्त. रोज चालणाऱ्या यंत्राला बल्क सिस्टिम शोभते. आठवड्यातून दोनदा चालणाऱ्या यंत्राला महाग वाटणारं कार्ट्रिजच अखेर स्वस्त पडतं.

सिस्टिम घेताना विक्रेत्याला लिटरचा भाव सगळ्यात शेवटी विचारावा. आधी तीन प्रश्न: बाटलीची आणि हेडची उंची कशी जुळवणार, नळी आणि वॉशर कशाचे आहेत, आणि शाई कधी भरलेली आहे. पहिल्याच प्रश्नाला ‘त्याने काही फरक पडत नाही’ असं उत्तर आलं, तर पुढचे दोन विचारायची गरज नाही.